कॅमेऱ्याचा विमा : हप्ता किती आणि संरक्षण किती?

१९१२ साली धुंडिराज गोविंद फाळके यांनी आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून पैसे उभे केले, लंडन गाठले आणि विल्यमसन कॅमेरा विकत घेतला. विम्याच्या जोरावर कॅमेरा आल्याची ही गोष्ट मराठी माणसाला पाठ आहे. खुद्द कॅमेऱ्याचा विमा परवडेल अशा दरात कसा उतरवायचा, हा प्रश्न मात्र आजही महाराष्ट्रातल्या छायाचित्रकारांना पुरता सुटलेला नाही.

आज लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या मध्यम दर्जाच्या व्यावसायिकाकडे दोन बॉडी, दोन झूम लेन्स, एक प्राइम, फ्लॅश, गिंबल आणि मेमरी कार्डे एवढे सामान असतेच. नव्याच्या हिशेबाने ते सहज सहा ते आठ लाखांच्या घरात जाते. हा सगळा ऐवज एका पाठपिशवीत मावतो. तिथी दाट असल्या की ती पिशवी आज मोटारसायकलवर, उद्या एसटीत आणि परवा मंगल कार्यालयात वऱ्हाडाच्या खोलीत कोपऱ्यात ठेवलेली असते. एवढे मोल, एवढा प्रवास आणि विमा मात्र बहुधा दुकानाचा. या विषयावरची चर्चा इथून सुरू होते. ती आज कुठे पोहोचली आहे, याचा हा आढावा.

पार्श्वभूमी

रोलच्या जमान्यात छायाचित्रकाराची गुंतवणूक मुख्यतः स्टुडिओत असे. दिवे, पडदे, डार्करूम, एन्लार्जर हे सामान जागचे हलत नसे. त्यामुळे दुकानाचा आग आणि घरफोडीचा विमा घेतला की काम भागत असे. सर्वसाधारण विमा १९७३ पासून राष्ट्रीयीकृत झाला आणि न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल व युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्यांकडे गेला. आग आणि अभियांत्रिकी विम्याचे दर तेव्हा टॅरिफ समिती ठरवी, म्हणून कोणत्याही कंपनीच्या दारात गेले तरी भाव साधारण तोच मिळे.

२००० नंतर खासगी कंपन्या आल्या आणि १ जानेवारी २००७ पासून या विम्यांचे दर खुले झाले. नेमक्या याच काळात धंदाही पालटला. डिजिटल कॅमेरे आले, डार्करूम गेली, कँडिड आणि प्री-वेडिंगची मागणी वाढली. स्टुडिओचे भाडे परवडेना म्हणून अनेकांनी गाळा सोडून घरूनच काम सुरू केले. भांडवल भिंतीआडून निघून खांद्यावर आले, पण विम्याचे साचे बव्हंशी दुकानाचेच राहिले.

२६ जुलै २००५ ची मुंबईतली अतिवृष्टी, २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर आणि २०२१ चा चिपळूणचा पूर यांनी व्यापाऱ्यांना विम्याची आठवण करून दिली. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसी लागू झाल्या. जून २०२२ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने बहुतेक सर्वसाधारण विमा योजना पूर्वपरवानगीविना बाजारात आणण्याची मुभा कंपन्यांना दिली. नवे प्रयोग करायला वाव मिळाला, तरी केवळ कॅमेऱ्यासाठी बनवलेली पॉलिसी आजही शोधावीच लागते. बहुतेकांना जुन्या साच्यांतून वाट काढावी लागते.

उपलब्ध पर्याय

पहिला पर्याय घराच्या विम्याचा. हौशी छायाचित्रकाराला तो सर्वांत स्वस्त पडतो. आग, पूर, भूकंप यांत घरातल्या वस्तूंना संरक्षण मिळते. पण ‘गृह रक्षा’त चोरीची भरपाई मूलतः आपत्तीनंतरच्या सात दिवसांतल्या चोरीपुरती असते. शिवाय पॉलिसी घरगुती वापराची असल्यामुळे धंद्याचा कॅमेरा त्यात बसतो की नाही, यावरून दाव्याच्या वेळी वाद होऊ शकतो.

दुसरा पर्याय दुकानाच्या पॅकेजचा. ज्याचा स्टुडिओ आहे त्याच्यासाठी तो पायाभूत आहे. ‘सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेला लागू होते आणि विमा रक्कम पंधरा टक्क्यांपर्यंत कमी पडली तरी त्यात भरपाई कापली जात नाही. घरफोडीचे कलम वेगळे जोडून घ्यावे लागते. यातले संरक्षण पॉलिसीत लिहिलेल्या पत्त्यावर असते. उंबरठा ओलांडला की ते संपते.

तिसरा पर्याय इलेक्ट्रॉनिक उपकरण विम्याचा. मुळात संगणक आणि वैद्यकीय यंत्रांसाठी घडवलेला हा विमा अपघाती बिघाडालाही संरक्षण देतो, म्हणून कॅमेऱ्याला तो जवळचा वाटतो. विमा रक्कम नव्या वस्तूच्या आजच्या किमतीइतकी ठेवावी लागते. दुरुस्ती होण्याजोगे नुकसान असेल तर सुट्या भागांवर सहसा घसारा लागत नाही. वस्तू पूर्ण गेली तर मात्र तिचे वय पाहून घसारा वजा होतो. आवाराबाहेर नेण्याच्या उपकरणांसाठी जादा हप्ता भरून स्वतंत्र कलम घ्यावे लागते आणि नेमके तेच अनेकदा राहून जाते.

चौथा पर्याय ‘ऑल रिस्क’ पॉलिसीचा. दागिने, कॅमेरे यांसारख्या फिरत्या मौल्यवान वस्तूंसाठी ती असते. वस्तू देशात कुठेही असली तरी संरक्षण मिळते, जादा हप्त्यावर परदेशातही मिळते. छायाचित्रकाराच्या गरजेशी तत्त्वतः सर्वांत जुळणारी हीच. पण तिच्या नावावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. या जातीच्या अनेक पॉलिसींच्या मजकुरात अपवादांचे एक जुने कलम आहे. लेन्स किंवा काच तडकणे, ओरखडणे, फुटणे आणि त्यांच्या जोडीला चिनी माती, संगमरवर, ग्रामोफोनच्या तबकड्या अशा नाजूक वस्तूंचे नुकसान त्यात वगळलेले असते. वाहून नेणाऱ्या रेल्वेला, बोटीला, मोटारीला किंवा विमानाला अपघात झाला तरच भरपाई मिळते. म्हणजे गाडी उलटून लेन्स फुटली तर पैसे मिळतील, पण मांडवात कुणाचा धक्का लागून फुटली तर मिळणार नाहीत. आज एका लेन्सची किंमत दीड-दोन लाख असते, आणि तीच या कलमात वगळलेली असते. काही कंपन्या हे कलम काढून किंवा बदलून देतात, पण ग्राहकाने विचारले तरच.

पाचवा पर्याय कॅमेरा विकत घेताना दुकानातच मिळणाऱ्या वाढीव वॉरंटीचा आणि ‘डॅमेज प्रोटेक्शन’चा. तो सोपा असतो आणि पैसे बिलातच भरले जातात. पण वॉरंटी म्हणजे विमा नव्हे. ती अंगभूत दोषापुरती असते. डॅमेज प्रोटेक्शनमध्येही चोरी धरली आहे का आणि दाव्याला नेमके कोण बांधील आहे, हे लेखी पाहावे लागते.

‘स्वस्त’ कशाला म्हणायचे?

हप्त्याचा दर कंपनी, शहर, वापर आणि आधीचे दावे यांवर ठरतो. समजा शेकडा दीड रुपया दर मिळाला. पाच लाखांच्या सामानाला ७,५०० रुपये हप्ता आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे १,३५० रुपये, म्हणजे एकूण ८,८५० रुपये होतात. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विमा जीएसटीतून मुक्त झाला, पण ही सवलत सामानाच्या विम्याला नाही. जीएसटी नोंदणी असलेला व्यावसायिक या कराची वजावट घेऊ शकतो. सेवांसाठीच्या वीस लाखांच्या उलाढालीच्या मर्यादेत राहणाऱ्या, नोंदणी नसलेल्या छायाचित्रकाराला मात्र तो पूर्ण खिशातून भरावा लागतो. लहान धंदेवाल्याला विमा तुलनेने महाग पडतो, तो असा.

हप्ता कमी करण्याचा सर्रास वापरला जाणारा मार्ग म्हणजे वस्तूची किंमत कमी दाखवणे. त्याचा फटका दाव्याच्या वेळी बसतो. दोन लाखांच्या लेन्सचा विमा एक लाखाचा असेल आणि दुरुस्तीचा खर्च ६० हजार आला, तर प्रमाणाच्या नियमाने ३० हजारच मंजूर होतात. त्यातून ग्राहकाने स्वतः सोसायचा ठरीव वाटा वजा होतो. हा वाटा, ज्याला एक्सेस म्हणतात, स्वेच्छेने वाढवून घेणे हा हप्ता कमी करण्याचा प्रामाणिक मार्ग आहे. किरकोळ दुरुस्ती आपण करायची आणि मोठ्या घावासाठी विमा ठेवायचा. कार्ड, बॅटऱ्या, ट्रायपॉड वगळून फक्त महागड्या वस्तूंचा विमा उतरवणे हाही तसाच मार्ग. पण यादीत नसलेली वस्तू गेली तर तक्रार करता येत नाही.

दावा कुठे अडतो?

चोरी म्हटली की भरपाई मिळेल, हा पहिला गैरसमज. घरफोडीच्या पॉलिसीत बळजबरीने आत शिरल्याची किंवा बाहेर पडल्याची खूण लागते. पॉलिसीत तसे शब्द असतील तर निव्वळ चोरी पुरेशी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली हरचंद राय चंदनलाल प्रकरणात स्पष्ट केले. कुलूप तुटले नसेल, कुणी उघड्या दारातून बॅग उचलून नेली असेल, तर हा निकाल आड येतो. मंगल कार्यालयातल्या बहुतेक चोऱ्या नेमक्या या प्रकारात मोडतात.

दुसरी अडचण गाडीची. निगराणीविना ठेवलेल्या वाहनातून झालेली चोरी बहुतेक पॉलिसी वगळतात. अपवाद असतो तो पूर्ण बंद आणि सर्व दारे-खिडक्या कुलूपबंद असलेल्या मोटारीचा. जीपची ताडपत्री, टेम्पोचा हौदा किंवा मोटारसायकलची डिकी त्यात बसत नाही.

तिसरी अडचण पोलीस ठाण्यातली. ‘वस्तू गहाळ’ अशी नोंद करून हातात पावती पडते आणि माणूस समाधानाने घरी येतो. पण गहाळ होणे आणि चोरी होणे या विम्याच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कारण न सांगता येणारे गायब होणे बऱ्याच पॉलिसींत वगळलेले असते. चोरी असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली गुन्हा नोंदवून एफआयआरची प्रत घ्यावी लागते. तपासात माल मिळाला नाही तर कंपनी ‘अ’ समरीची प्रत मागते, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही असा अंतिम अहवाल. तो मिळायला महिनोन्‌महिने लागतात आणि तेवढा काळ धंदा भाड्याच्या कॅमेऱ्यावर चालवावा लागतो.

चौथी अडचण भाड्याने दिलेल्या सामानाची. खोटी कागदपत्रे देऊन कॅमेरा भाड्याने नेला आणि परस्पर विकला, तर तो सहसा विश्वासघात किंवा फसवणूक ठरतो, म्हणजे कलम ३१६ किंवा ३१८. चोरीपुरती मर्यादित असलेली पॉलिसी तिथे हात वर करते.

पाचवी अडचण हवामानाची आणि सणसमारंभांची. कोकणातल्या पावसाळ्यात लेन्सवर चढणारी बुरशी ही हळूहळू होणारी झीज मानली जाते, तिला भरपाई नाही. हळदीचे पाणी अचानक कॅमेऱ्यावर उडाले तर तो अपघात. पण विसर्जन मिरवणुकीतला गुलाल झूमच्या नळीत शिरून महिन्याभराने ती अडकायला लागली, तर नुकसान तपासणारा सर्व्हेअर त्याला अपघात म्हणेल की झीज, हे सांगता येत नाही. त्याच दिवसाचे फोटो आणि त्याच आठवड्यातला सर्व्हिस सेंटरचा कागद जवळ असला तर बाजू बळकट होते.

तीन भूमिका

विमा कंपन्यांची बाजू अशी. कॅमेरा लहान, महाग आणि सहज विकला जाणारा. चोरी खरी की रचलेली, हे शोधणे अवघड. विमा उतरवायला पुढे येणारे बहुधा जास्त फिरणारेच असतात, त्यामुळे धोका विखुरला जात नाही. आठ-नऊ हजारांच्या हप्त्यावर सर्व्हेअरचा आणि कागदपत्रांचा खर्च काढणे कठीण. म्हणून अटी कडक ठेवाव्या लागतात.

छायाचित्रकारांची बाजू वेगळी. ज्या कलमांमुळे हप्ता आटोक्यात राहतो, त्याच कलमांत आमचे खरे धोके वगळलेले असतात. धंदाच घराबाहेर चालतो, मग घराबाहेरचे संरक्षण ‘जादा’ कसे? शिवाय पॉलिसी इंग्रजीत, विकणारा बहुधा गाडीचा आणि आरोग्याचा विमा विकणारा. त्याला लेन्सच्या कलमाची कल्पना नसते आणि एवढ्या लहान हप्त्यातल्या दलालीसाठी खोलात जाण्याचे कारणही नसते.

तिसरी बाजू स्वतःचा निधी बाजूला ठेवावा म्हणणाऱ्यांची. दरवर्षी नऊ हजार भरण्याऐवजी ते बँकेत टाकावेत, पाच-सात वर्षांत एक बॉडी सुटते, असा त्यांचा हिशेब. किरकोळ नुकसानीपुरता तो खरा आहे. पण पहिल्याच वर्षी अख्खी पिशवी गेली तर हा निधी पुरत नाही, आणि त्यात कॅमेरा कर्जावर घेतलेला असेल तर हप्ते चालूच राहतात.

समूहाची वाट

परदेशात हा पेच बऱ्याच अंशी संघटनांनी सोडवला आहे. अमेरिकेतल्या ‘प्रोफेशनल फोटोग्राफर्स ऑफ अमेरिका’ या संस्थेच्या पात्र सभासदांना सभासदत्वासोबतच, काही अटींसह, १५ हजार डॉलरपर्यंतच्या सामानाचे संरक्षण मिळते. तिथे राहून हौसेने सुरुवात करून पुढे पैसे घेऊन काम करणाऱ्या मराठी मंडळींनाही हे उपयोगी आहे, कारण घरमालकाच्या पॉलिसीत व्यवसायाच्या सामानाला सहसा कडक मर्यादा असतात. ब्रिटनमध्ये केवळ छायाचित्रकारांसाठी काम करणारे विमा दलाल आहेत.

महाराष्ट्रात संघटनांची उणीव नाही. १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन साजरा करणाऱ्या संघटना जिल्ह्याजिल्ह्यांत, तालुक्यातालुक्यांत आहेत. निव्वळ विमा घेण्यासाठी गट बनवायला नियामकाची मनाई आहे, पण आधीपासून अस्तित्वात असलेल्या व्यावसायिक संघटनेला ही आडकाठी येत नाही. पाचशे सभासदांचा एकत्र विमा असेल तर कंपनीला धोका विखुरता येतो आणि संघटनेला लेन्सचे व गाडीचे कलम बदलून मागण्याइतके वजन येते. अडचण दोन ठिकाणी आहे. सर्वांच्या सामानाची खरी यादी ठेवायची कुणी, आणि एकाच्या खोट्या दाव्याने सर्वांचा दर वाढला तर करायचे काय? यावर अजून एकमत नाही.

दाद कुठे मागायची?

या आघाडीवर चित्र पूर्वीपेक्षा बरे आहे. विमा नियामकाच्या जून २०२४ च्या परिपत्रकाने दाव्यानंतर २४ तासांत सर्व्हेअर नेमणे, पंधरा दिवसांत त्याचा अहवाल मिळवणे आणि त्यानंतर सात दिवसांत निर्णय देणे कंपन्यांवर बंधनकारक केले. दावा फेटाळला तर विमा लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात आणि एकल मालकीचे व्यवसाय व सूक्ष्म उद्योग यांनाही तो मार्ग खुला आहे. त्याआधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर वाट पाहावी लागते, आणि नकार आल्यापासून वर्षाच्या आत लोकपालांकडे जावे लागते.

ग्राहक आयोगात ‘धंद्यासाठी घेतलेला विमा म्हणजे व्यापारी हेतू’ असा आक्षेप कंपन्या घेत असत. विमा नुकसान भरून काढण्यासाठी असतो, नफ्यासाठी नव्हे, या आधारावर सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली हरसोलिया मोटर्स प्रकरणात तो फेटाळला. वाहनचोरीच्या २०२० मधल्या गुरशिंदर सिंग प्रकरणात एफआयआर लगेच नोंदवला असेल, तर कंपनीला कळवण्यास उशीर झाला एवढ्यावर दावा नाकारता येत नाही, असेही ठरले. तो निकाल वाहनांचा आहे. कॅमेऱ्याच्या दाव्यात आधार म्हणून तो मांडता येतो, पण त्यावर विसंबून कळवायला उशीर करण्यात शहाणपण नाही.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न मालकीच्या पुराव्याचा. मुंबईच्या बोरा बाजारातून घेतलेली सेकंडहँड बॉडी असो वा दुबईहून नातेवाइकाने आणलेली लेन्स असो, सिरीयल नंबर असलेले पक्के बिल नसेल तर विमा उतरणेच अवघड. या धंद्यातल्या नवख्या मुलांची सुरुवात अशाच सामानावर होते, म्हणजे ज्याला तोटा सर्वांत कमी सोसतो तोच विम्याबाहेर राहतो. दुरुस्ती केंद्राचे मूल्यांकन बिलाऐवजी ग्राह्य धरावे, ही मागणी रास्त आहे. पण चोरीचा माल त्या वाटेने अधिकृत होईल, ही भीतीही खोटी नाही.

दुसरा प्रश्न उसनवारीचा. एका लग्नात स्टुडिओचा मालक, रोजंदारीवर आलेला कँडिडवाला आणि मित्राकडून मागून आणलेली लेन्स असा तिघांचा माल एकत्र असतो. स्टुडिओची पॉलिसी दुसऱ्याच्या सामानाला आपोआप लागू होत नाही. तसे कलम मागून घ्यावे लागते.

तिसरा प्रश्न ड्रोनचा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो ड्रोन वगळता त्रयस्थांच्या नुकसानीचा विमा आवश्यक आहे. परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनची आयात फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे, तरी लग्नांत असे ड्रोन उडताना दिसतात. नोंदणी नसलेल्या ड्रोनचा विमा मागणार कसा, हा पेच कायम आहे.

चौथा प्रश्न सर्वांत अवघड, तो छायाचित्रांचा. मेमरी कार्ड गेले तर पॉलिसी कार्डाची किंमत देते, त्यातल्या सप्तपदीची देत नाही. इलेक्ट्रॉनिक विम्यात माहिती पुन्हा मिळवण्याच्या खर्चाचे कलम असते, पण लग्न पुन्हा लावता येत नाही. ग्राहकाने भरपाई मागितली तर त्यासाठी व्यावसायिक दायित्वाचा वेगळा विमा लागतो, आणि तो लहान छायाचित्रकाराला परवडेल अशा रूपात अजून रुजलेला नाही.

सध्याचा निष्कर्ष

सगळ्या बाजू मांडल्यावर एवढे ठामपणे म्हणता येते की हप्त्याच्या आकड्यावरून पॉलिसी स्वस्त ठरत नाही. आपला कॅमेरा जिथे असतो तिथे ती लागू होते का, यावर ते ठरते. हौशी माणसाला घराच्या विम्यात कॅमेरा स्वतंत्रपणे नोंदवणे पुरू शकते. स्टुडिओवाल्याला दुकानाच्या पॅकेजबरोबर आवाराबाहेरचे कलम हवेच. फिरत्या व्यावसायिकाला ‘ऑल रिस्क’ किंवा आवाराबाहेर लागू होणारा इलेक्ट्रॉनिक विमा, जास्त एक्सेस आणि मोजक्या महाग वस्तू, हा मेळ सध्या सर्वांत परवडणारा दिसतो. दर खऱ्या अर्थाने खाली यायचे असतील तर संघटनांनी समूह विम्यासाठी पुढे येण्याला पर्याय नाही.

तोवर पैसे भरण्याआधी कंपनीला चार प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. लेन्स फुटली तर पैसे मिळतील का? बंद गाडीतून चोरी झाली तर मिळतील का? कुलूप न तुटता बॅग गेली तर मिळतील का? आणि पूर्ण नुकसानीत घसारा किती वजा होईल? प्रत्येक बॉडी आणि लेन्सचा सिरीयल नंबर, बिल आणि फोटो यांची एक प्रत कॅमेऱ्याच्या पिशवीबाहेर ठेवा. या कामाला एक दुपार पुरते आणि दाव्याच्या वेळी सगळ्यात आधी हेच कागद मागितले जातात.